सहआरोपींना नुकसानभरपाईचा आदेश: कोणी किती भरायचे, कुठे भरायचे, मुदत कशी मागायची

फौजदारी खटल्यात चार-पाच जणांना एकत्र दोषी ठरवले जाते आणि शिक्षेसोबत फिर्यादीला किंवा जखमीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश होतो. मग जो तो दुसऱ्याकडे पाहत बसतो. एक म्हणतो, माझा वाटा मी भरला, मी सुटलो. दुसरा म्हणतो, मुख्य आरोपीने भरावे. या घोळात मुदत संपते, वॉरंट निघते, आणि ज्याचे हातपाय गेले किंवा ज्याचा कमावता माणूस गेला, तो मात्र रिकाम्या हाताने कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहतो. म्हणून ही माहिती भरणाऱ्यासाठी जितकी, तितकीच ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याच्यासाठीही आहे.

कायदा आधी पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९५ लागू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३५७ होते, त्यामुळे जुन्या निकालांत तो आकडा दिसेल. या कलमात दोन वाटा आहेत. पहिली, उपकलम (१): न्यायालय दंड ठोठावते आणि त्या दंडातूनच सगळी किंवा काही रक्कम पीडिताला देण्यास सांगते. इथे आरोपीने फक्त दंड भरायचा, भरपाई वेगळी भरायची नाही. दुसरी, उपकलम (३): शिक्षेत दंड नसतो आणि न्यायालय भरपाईची रक्कम स्वतंत्रपणे ठरवते. आपला आदेश कोणत्या उपकलमाखाली आहे हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. कधी दोनदा भरणा होतो, तर कधी दंड भरून भरपाई राहून जाते.

आता वाटणीचा प्रश्न. समान वाटणीचा नियम कायद्यात लिहिलेला नाही. निकालाच्या शेवटी जो आदेशाचा भाग असतो, तो शब्दशः वाचा. "आरोपी क्र. १ ते ४ यांनी प्रत्येकी ₹२५,०००" असे असेल तर प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या रकमेपुरती. एकाने भरली नाही म्हणून दुसऱ्याची रक्कम वाढत नाही. "सर्वांनी मिळून ₹१,००,०००" किंवा "संयुक्तपणे व स्वतंत्रपणे" असे असेल तर गोष्ट वेगळी. संयुक्तपणे व स्वतंत्रपणे म्हटले की पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल होऊ शकते. मात्र पीडिताला एकूण एक लाखच मिळतील, चौघांकडून चार लाख नव्हे. अशा आदेशात चौथा हिस्सा भरून स्वतःला मोकळे समजणे धोक्याचे आहे.

न्यायालये वाटणी कशी ठरवतात, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या हरी सिंग विरुद्ध सुखबीर सिंग निकालात सापडते. तिथे आरोपींनी प्रत्येकी ₹२,५०० भरायचे होते. सर्वोच्च न्यायालयाला ती रक्कम अपुरी वाटली. त्यांनी एकूण ₹५०,००० ठरवले आणि बाकीची रक्कम आरोपींनी समप्रमाणात भरावी असे सांगितले. त्याच निकालात हेही म्हटले आहे की आरोपी एकापेक्षा जास्त असतील तर त्यांना सारखीच रक्कम भरायला सांगता येईल, पण त्यांच्या ऐपतीत मोठा फरक असेल तर नाही. म्हणजे ऐपत हा मुद्दा ग्राह्य आहे. मात्र तो शिक्षेवरच्या सुनावणीतच कागदपत्रांसह मांडायचा असतो: उत्पन्नाचा दाखला, सातबारा, कर्जाची कागदपत्रे, कुटुंबात किती जण अवलंबून आहेत ते. ही संधी बहुतेक जण गमावतात. निकालावर सही झाली की याच नव्या संहितेच्या कलम ४०३ नुसार न्यायालयाला फक्त लेखनातली किंवा आकडेमोडीतली चूक दुरुस्त करता येते. वाटणी बदलून हवी असेल तर अपील हा मुख्य मार्ग.

अपिलाची मुदत सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस. नुसते अपील दाखल केल्याने भरणा थांबला असे धरू नका. स्थगितीसाठी वेगळा अर्ज द्या आणि आदेश हातात आल्यावरच निश्चिंत व्हा. अपीलयोग्य प्रकरणात दंडातून द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील केले असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, पीडिताला दिली जात नाही. ती तोवर कोर्टात जमा राहते. पीडिताने या विलंबाने खचून जाऊ नये, पैसे सुरक्षित असतात.

भरण्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत (कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य मिळते, कलम ४०४), खटला क्रमांक, सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक), ओळखपत्र आणि वकील असल्यास वकीलपत्र जवळ ठेवा. रक्कम न्यायालयाच्या नाझर विभागात (पैशांचे व्यवहार पाहणारा विभाग) चलनाने भरतात. ई-कोर्ट्सच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवरही दंड आणि न्यायालयीन ठेव भरण्याची सोय आहे, पण आपल्या न्यायालयात ती चालते का हे नाझरांना आधी विचारा. चलनावर आपला आरोपी क्रमांक आणि "दंड" की "नुकसानभरपाई" हे स्पष्ट लिहून घ्या. एकाने सगळ्यांच्या वतीने भरले तर कोणासाठी किती, हे पावतीवर किंवा सोबतच्या अर्जात नोंदवून घ्या. पैसे पीडिताच्या हातात परस्पर देऊ नका. दिलेच असतील तर दोघांच्या सहीची पुरशिस (कोर्टात द्यायचे लेखी निवेदन) दाखल करा, नाहीतर कोर्टाच्या लेखी रक्कम थकीतच राहील.

एकरकमी जमत नसेल तर कलम ४६४ खाली अर्ज करता येतो. फक्त दंड आणि तो न भरल्यास कैद अशी शिक्षा असेल, किंवा न भरल्यास कैद होऊ शकेल असा पैसे देण्याचा आदेश असेल, तेव्हा हे कलम लागू होते. न्यायालय ३० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते किंवा दोन-तीन हप्ते बांधून देऊ शकते. पहिला हप्ता आदेशापासून ३० दिवसांच्या आत, पुढचे जास्तीत जास्त ३० दिवसांच्या अंतराने. बंधपत्र द्यावे लागते, जामीनदारही मागितला जाऊ शकतो. संयुक्त आदेश असेल तर सर्वांनी एकत्र अर्ज केलेला बरा.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की न भरल्याबद्दलची कैद भोगली की हिशेब संपला. २०१७ च्या कुमारन विरुद्ध केरळ राज्य निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ती कैद भोगल्यावरही भरपाई वसूल करता येते. कलम ४६१ खाली जंगम मालमत्ता जप्त करून विकता येते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. भरपाईचा आदेशही दंडासारखाच वसूल होतो, हे कलम ४७१ मध्ये आहे. सहआरोपींपैकी एकाने इतरांचे भरले तर त्यांच्याकडून ते परत घेण्याची वेगळी तरतूद फौजदारी संहितेत नाही. म्हणून आपसातले ठरलेले आधी लेखी करून घ्या.

पीडिताने किंवा वारसांनी रक्कम मिळण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज द्यायचा, सोबत ओळखपत्र, बँक पासबुकाची प्रत आणि मृत्यूच्या प्रकरणात वारसाचे पुरावे. आरोपींची रक्कम पुनर्वसनाला अपुरी असेल तर खटला चालवणारे न्यायालय कलम ३९६ खाली शासकीय भरपाईची शिफारस करू शकते. आरोपी सापडलेच नाहीत तर पीडित थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक १५१०० आहे.