ओळखीच्या चेहऱ्याची भीती: जपानी भयमांगाची पार्श्वभूमी

ओइवा आरशासमोर बसून केस विंचरते आहे. नुकतीच बाळंत झालेली, अजून अंगात त्राण नाही. शेजाऱ्यांनी औषध म्हणून पाठवलेली पूड तिने विश्वासाने घेतली आणि ते निघालं विष. एक डोळा सुजून खाली ओघळलाय. कंगव्याबरोबर केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येताहेत, तरी ती विंचरतेच आहे. १८२५ च्या उन्हाळ्यात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, नाकामुरा-झा या नाट्यगृहात ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक पहिल्यांदा झालं, त्यातला हा प्रवेश. लेखक त्सुरुया नानबोकू चौथे. पुढे ओइवा मरते आणि भूत होऊन नवऱ्याला वेडापिसा करून सोडते. आजही हे नाटक बसवायला घेताना नटमंडळी तिच्या देवळात जाऊन नमस्कार करून येतात.

जपानी भयमांगा, म्हणजे तिकडच्या भीतीच्या चित्रकथा, वाचताना मला हा आरसा सारखा आठवतो. राक्षस आणि भुतंखेतं त्या मांगांत पुष्कळ आहेत, पण त्यांच्याशी जमवून घेता येतं. अंगावर काटा येतो तो घरातल्या माणसाचा चेहरा बदलतो तेव्हा. या भीतीची मुळं खूप जुनी आहेत.

जपानीत भुताखेतांसाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. यूरेई म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा. त्याच्या मनात ‘उरामी’, म्हणजे खोल सल असतो आणि तो ठरावीक माणसाच्याच मागे लागतो. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात, चित्रांतल्या यूरेईला बहुतेक वेळा पायच नसतात. योकाई मात्र जागेचे, वस्तूंचे, निसर्गाचे. डोहात राहून माणसाला ओढणारा काप्पा, साधारण आपल्या कोकणातल्या गिऱ्हासारखा. जुनी होऊन एका पायावर उड्या मारणारी छत्री हीसुद्धा योकाईच. योकाईला तुमच्याबद्दल खास राग नसतो, तुम्ही फक्त त्याच्या वाटेत आलेले असता.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, या दोघांनाही मोठी मागणी होती. उन्हाळ्याच्या रात्री लोक जमत, निळा कागद लावलेल्या दिव्यात शंभर वाती पेटवत आणि एकेक गोष्ट झाली की एकेक वात विझवत. शंभरावी वात विझली की काहीतरी प्रकट होतं, असा समज होता. तोरियामा सेकिएन यांनी १७७६ मध्ये योकाईंचा सचित्र संग्रहच छापला: बहुतेक पानांवर एकेक योकाई, शेजारी त्याचं नाव. चित्रकार होकुसाई यांनी १८३० च्या सुमारास शंभर गोष्टींच्या नावाने भुतांची छापचित्रं काढली. त्यात ओइवा फाटक्या कागदी कंदिलाच्या रूपात दिसते, कंदिलाच्या चिरेचंच तोंड झालेलं.

यातला योकाईंचा धागा मांगात आणला शिगेरू मिझुकी यांनी. ते १९२२ चे, तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या बंदराच्या गावात वाढलेले. गावातली एक म्हातारी, तिला सगळे नोन्नोनबा म्हणत, त्यांना योकाईंच्या गोष्टी सांगायची. छतावर ओलीचा डाग दिसला तरी तो कुणी चाटून केला हे तिला ठाऊक असायचं. दुसऱ्या महायुद्धात मिझुकी न्यू ब्रिटन बेटावर सैनिक होते. मलेरियाने आजारी असताना बाँबहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. परत आल्यावर उजव्या हाताने त्यांनी पोट भरलं ते कामिशिबाईवर. सायकलवर लाकडी चौकट लावून गोष्टवाला गल्लोगल्ली फिरे, पोरांना गोळ्या विकी आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगे. स्मशानात जन्मलेल्या कितारोची गोष्ट या खेळात १९३० च्या दशकापासून होती. मिझुकींनी १९५४ मध्ये ती स्वतःच्या पद्धतीने काढायला घेतली.

टीव्ही आला आणि कामिशिबाई बसली. मिझुकी भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी मांगा काढू लागले. ही दुकानं फार महत्त्वाची. नवं पुस्तक विकत घेणं ज्यांना परवडत नसे अशी मुलं आणि कामगार तिथे थोड्या पैशांत रात्रीपुरतं पुस्तक नेत. मोठी मासिकं हात लावणार नाहीत असं बरंच काही तिथे खपायचं, भय त्यात पहिलं. १९६० मध्ये कितारो तिथे पुस्तकरूपात आला. मेलेल्या आईच्या थडग्यातून पोर बाहेर रांगतं. बापाचं शरीर कुजून गेलंय, पण पोराची काळजी एवढी की त्याचा एक डोळा गळून पडतो, त्याला हातपाय फुटतात आणि तो पोराला सांभाळू लागतो. पुढे हा डोळा-बाबा चहाच्या वाडग्यात आंघोळ करताना दिसतो आणि आपल्याला त्याची माया वाटू लागते. १९६५ मध्ये गोष्ट ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात गेली. नावातलं ‘स्मशान’ टीव्हीवर चालणार नव्हतं, म्हणून ते काढून १९६७ मध्ये ‘गेगेगे नो कितारो’ असं नामकरण झालं. लहानपणी मिझुकी स्वतःचं नाव शिगेरूऐवजी ‘गेगेरू’ असं उच्चारायचे, त्यावरून हे ‘गेगेगे’. १९६८ मध्ये कार्टून मालिका सुरू झाली आणि योकाई घरोघरचे झाले.

ओइवाचा वारसा काझुओ उमेझू यांच्याकडे गेला. मिझुकींवर माझं प्रेम आहे, पण भीतीचे खरे मानकरी उमेझूच. ते १९३६ चे, नारा प्रांतातल्या डोंगराळ भागात वाढलेले. वडील रात्री त्यांना त्या भागातल्या दंतकथा सांगत, त्यात सापीण होणाऱ्या बाईची गोष्ट होती. तेही भाड्याच्या पुस्तकांतूनच आले, पण १९६५ मध्ये त्यांनी ही सापीण ‘शोजो फ्रेंड’ या मुलींच्या साप्ताहिकात आणली. तोवर मुलींच्या मासिकांत आई म्हणजे दुरावलेली, शोधायची, भेटल्यावर मिठी मारायची. उमेझूंच्या गोष्टीत आई इस्पितळातून घरी येते, तोच चेहरा, तोच आवाज, पण ती आई नसते. मुलीला ते कळतं, बाकी कुणाला पटत नाही. हजारो शाळकरी मुलींनी हे वाचलं आणि रात्री स्वतःच्या आईकडे नीट निरखून पाहिलं असणार.

उमेझूंची युक्ती पानाच्या रचनेत आहे. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे समोरच्या जोडपानातला शेवटचा चौकोन डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात येतो. उमेझू त्या कोपऱ्यात मुलीचे विस्फारलेले डोळे ठेवतात. तिने काय पाहिलं ते पान उलटल्याशिवाय दिसत नाही, आणि पान तर आपल्याच हाताने उलटायचं असतं. गोष्टवाला चित्र सरकवण्याआधी जसा थांबायचा, तसाच हा थांबा.

१९७२ ते ७४ या काळात उमेझूंनी ‘ह्योरयू क्योशित्सू’ लिहिली. एक अख्खी प्राथमिक शाळा मुलांसकट भविष्यातल्या ओसाड, उद्ध्वस्त जगात फेकली जाते. त्या काळात जपानमध्ये कारखान्यांच्या प्रदूषणावर, मिनामाताचा पारा आणि योक्काइचीचा विषारी धूर यांवर, कोर्टात निकाल लागत होते. या गोष्टीत चेहरे बदलतात ते मोठ्यांचे: शिक्षक कोलमडतात, मुलांवर उठतात.

त्याच सुमारास परलोकविद्येची लाट आली. जिरो त्सुनोदा यांच्या मांगांमुळे शाळाशाळांत कोक्कुरी-सानचं वेड पसरलं. कागदावर अक्षरं आणि वर नाणं, थोडक्यात आपलं प्लँचेट.

१९८६ मध्ये ‘हॅलोविन’ नावाचं मासिक निघालं, तेही मुख्यतः मुलींसाठी. त्याने उमेझूंच्या नावाने नव्या लेखकांची स्पर्धा ठेवली. गिफू प्रांतातल्या एका दंततंत्रज्ञाने त्यात गोष्ट पाठवली आणि १९८७ मध्ये ती छापून आली. तो तरुण म्हणजे जुन्जी इतो, बहिणींच्या मासिकांत उमेझू वाचून वाढलेला. तोमिए नावाच्या सुंदर मुलीला वर्गातले लोक मारून तिचे तुकडे करतात आणि थोड्या दिवसांनी ती वर्गात येऊन बसते, जणू काही झालंच नाही. आपला एक वर्गमित्र अपघातात गेला तेव्हा तो पुन्हा दारातून येईल असं वाटत राहिलं, त्यातून ही कल्पना सुचल्याचं इतो सांगतात. पालीची शेपूट पुन्हा उगवते, ही तिची दुसरी बाजू. ओइवाला सूड हवा होता. तोमिएला काय हवंय ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि म्हणूनच ती जास्त भिववते.

मिझुकी २०१५ मध्ये गेले, उमेझू २०२४ मध्ये. साकाइमिनातोत स्टेशनपासून निघणाऱ्या रस्त्यावर आज योकाईंचे पावणेदोनशेहून अधिक ब्राँझचे पुतळे आहेत.

हे दोन्ही धागे मला अलीकडे एकत्र दिसले ते २०२१ मध्ये सुरू झालेल्या मोकुमोकुरेन यांच्या ‘हिकारू गा शिंदा नात्सू’ या मांगात. खेड्यातला हिकारू डोंगरात हरवतो आणि आठवड्याने परत येतो. त्याचा जिवलग मित्र योशिकी याला कळतं की हा हिकारू नाही, त्याच्या रूपात डोंगरातलं काहीतरी आलंय. आतून योकाई, बाहेरून ओळखीचा चेहरा. उमेझूंची मुलगी अशा वेळी जिवाच्या आकांताने पळाली होती. योशिकी पळत नाही. शाळा सुटल्यावर तो त्याच्यासोबत घरी चालत जातो.