पुढचे दात आणि तीन मिलिमीटर

टेनिसचा चेंडू सोडून सीझनचा चेंडू हातात आला, की मुलांना आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. जेमतेम 160 ग्रॅमचा हा चेंडू उसळून तोंडावर आला, तर मार बसतो तो बहुधा वरच्या मधल्या दोन दातांना. कबड्डीत घोटा धरला गेला आणि चढाई करणारा तोंडावर आपटला, तरी तेच दोघे पुढे असतात. आपण याला नशीब म्हणून मोकळे होतो. पण त्याच मैदानावर, तसाच मार लागून एकाचा दात तुटतो आणि दुसऱ्याचा नुसता ओठ सुजतो, असं का होतं?

बरंचसं उत्तर जबड्याच्या ठेवणीत आहे. वरचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आहेत, हे अंतर दंतवैद्य पट्टीने मोजतात. त्याला ओव्हरजेट म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर अंतर सर्वसाधारण मानलं जातं. त्याहून जास्त असेल तर दाताला इजा होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. दात फार पुढे असले की ओठ सहज मिटत नाहीत, आणि ओठ ही तर दातांची गादीच. गादी नाही म्हटल्यावर सगळा धक्का थेट दातावर. म्हणजे दातांना तार लावणं हे केवळ फोटोत बरं दिसण्यासाठी नसतं. एकदा दाताला मार बसलेल्यांना पुन्हा बसण्याची शक्यताही जास्त असते.

मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये या इजा जास्त दिसतात, पण मैदानात मुली वाढल्या तिथे हा फरक कमी होत चालला आहे. बाटलीचं झाकण दातांनी उघडणारे मात्र दोन्हीकडे सापडतात! सायकल आणि दुचाकीचं प्रमाणही मोठं आहे. अर्ध्या हेल्मेटने डोकं वाचतं, हनुवटी उघडीच राहते. हनुवटीवर आपटलं की खालचा जबडा वरच्यावर आदळतो आणि दाढांचे कंगोरे उडतात, कधी कानाजवळ जबड्याचं हाडही मोडतं.

बॉक्सर माउथगार्डशिवाय, म्हणजे दातांवर बसवायच्या मऊ कवचाशिवाय, रिंगणात उतरत नाही. कबड्डी आणि हॉकी खेळणाऱ्या शाळकरी मुलांना मात्र तो अजून चैन वाटतो. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा साधा माउथगार्डही काहीच नसण्यापेक्षा बरा. तार लावलेली असेल तर तो दंतवैद्याकडूनच बनवून घ्यावा.

अख्खा पक्का दात निखळला तर तो मुळाशी धरू नये, पांढऱ्या भागाला धरावा. मुळावरच्या नाजूक पेशी कोरड्या पडल्या की तासाभरात मरतात. माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवून दात लगेच खाचेत बसवावा, नाहीतर दुधातच घालून दवाखाना गाठावा. तुटलेला तुकडाही जपून न्यावा, अनेकदा तो पुन्हा चिकटवता येतो. तुकडा कुठेच सापडत नसेल आणि ओठ फाटला असेल, तर दंतवैद्य ओठाचाही एक्स-रे काढतात. कारण तो तुकडा ओठातच रुतलेला असू शकतो.