छिद्र जागेवरच, हाड मात्र झिजलं

पंचवटीतल्या माझ्या मावशीने खालची कवळी बसवली आणि तक्रार सुरू झाली, "घास चावला की ओठात करंट बसतो रे." शेजारच्या काकू म्हणाल्या, "दाढा काढल्यात ना, आता डोळे सांभाळा." मावशी घाबरलीच.

खालच्या जबड्याच्या हाडाला बाहेरून, दोन्ही बाजूंना, एकेक छिद्र असतं. सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामध्ये दोन लहान उपदाढा असतात; बहुतेकांत ते त्यातल्या दुसरीच्या मुळाखाली सापडतं. त्याचं नाव मेंटल फोरॅमेन. मनाशी याचा संबंध नाही. लॅटिनमध्ये 'मेंटम' म्हणजे हनुवटी. जबड्याचा मज्जातंतू मागे, कानाखालच्या उभ्या भागात, आतल्या अंगाने हाडात शिरतो. हाडातल्या बोगद्यातून दाढांना फाटे देत तो उपदाढांपाशी येतो आणि दुभंगतो. एक फाटा हाडातूनच पुढच्या दातांकडे जातो, दुसरा या छिद्रातून बाहेर पडून खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना सांभाळतो. दाढेसाठी सुई मागे टोचली तरी अर्धा ओठ बधिर होतो, तो यामुळेच.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. गोदेला पूर आला की आपण नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर आलं ते बघतो. मारुती जागचा हलत नाही, पाणी चढतं-उतरतं. या छिद्राचंही तसंच. तान्ह्या बाळात ते जबड्याच्या खालच्या कडेजवळ असतं. दात येतात, त्यांना धरणारं हाड वर वाढतं आणि मोठेपणी छिद्र हाडाच्या साधारण मध्यावर दिसतं. दात पडले की त्यांना धरणाऱ्या हाडाला काम उरत नाही, ते वर्षानुवर्षं वरून झिजत जातं. खालची कड जवळपास तशीच राहते. शेवटी छिद्र वरच्या काठाला लागतं, कधी थेट काठावरच उघडतं. मग कवळी हाडावर टेकते तिथेच मज्जातंतू असतो. घास चावला की तो चेपला जातो आणि कळ उमटते ओठात.

डोळ्यांची भीती मात्र निराधार आहे. मेंदूतून मज्जातंतूंच्या जोड्या निघतात; जबड्याचा मज्जातंतू त्यांतल्या पाचव्या जोडीतला. दृष्टी दुसऱ्या जोडीकडे असते. दाढ काढल्याने नजर जात नाही. या भीतीपायी किडलेल्या दाढा वर्षभर तोंडात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. खरं लक्ष द्यायचं ते वेगळ्याच गोष्टीकडे: सुई नाही, कवळी नाही, तरी हनुवटी बधिर झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. क्वचित ती कर्करोगाची खूण असते.

मावशीच्या दंतवैद्यांनी एक्स-रे काढला, छिद्राची जागा हेरली आणि कवळीचा तेवढाच भाग आतून घासून पोकळ केला.