घड्याळाची फिरती रिंग अडकली? तेल सोडू नका

डायव्हर घड्याळाची, म्हणजे पाणबुड्यांसाठीच्या घड्याळाची, डायलभोवतीची फिरती रिंग अडकली की खोबरेल सोडा, हा सल्ला जळगाव-धुळ्याकडे सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. रिंगखाली घामाचं मीठ आणि काळ्या मातीची धूळ बसलेली असते. तेलाने तिचा चिकट गाळ होतो आणि ‘टिक’ देणारी बारीक स्प्रिंग त्यात रुतते.

घड्याळाचं सील शाबूत असेल तर चावी घट्ट करून साबणाच्या साध्या पाण्यात 15 मिनिटं बुडवा. मऊ ब्रशने कड घासत रिंग डावीकडेच, म्हणजे काट्यांच्या उलट दिशेने, फिरवा. बहुतेक रिंगा एकाच दिशेने फिरतात. उजवीकडे जोर लावलात तर स्प्रिंग वाकते.

तरीही हलली नाही, तर पट्ट्याजवळच्या कडांना टेप लावा, रिंगखालच्या खाचेत पातळ पातं सरकवून रिंग चहूबाजूंनी थोडी-थोडी उचला. खाली पांढरा कपडा हवाच, स्प्रिंग उडते. रिंगखालच्या गॅस्केटला, म्हणजे रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे.