निरपेक्ष बहुमत निवडणूक पद्धती

एकूण वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्या उमेदवारालाच विजयी ठरवणारी निवडणूक पद्धती. भारतात लोकसभेच्या निवडणुकीत इतरांपेक्षा एक मत जास्त मिळाले तरी उमेदवार निवडून येतो. त्यामुळे मतविभागणी झाली तर ३० टक्के मतांवरही जागा पदरात पडते, आणि उरलेल्या ७० टक्के मतदारांना तो नको होता की केवळ दुसरा अधिक पसंत होता, हे कोणीच विचारत नाही. निरपेक्ष बहुमताची अट या उणिवेवरचा उपाय आहे. उमेदवार दोनच असतील तर ती अट आपोआप पुरी होते. ते तीन किंवा अधिक झाले, की बहुमत घडवून आणण्याची तजवीज कायद्यातच करावी लागते. या पद्धतीचे गुण आणि दोष प्रामुख्याने त्या तजविजीतून निर्माण होतात.

तजविजीचे मुख्य प्रकार दोन. पहिला दोन फेऱ्यांचा: पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये पुन्हा मतदान घेतले जाते. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष १९६५ पासून याच रीतीने थेट जनतेकडून निवडला जातो. दुसरा प्रकार पसंतीक्रमाचा. त्यात मतदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहितो. बहुमत झाले नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार उरलेल्यांत वाटल्या जातात. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी १९१८ पासून ही रीत आहे. भारताच्या राष्ट्रपतींची निवड राज्यघटनेच्या कलम ५५ नुसार प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या (मतांच्या प्रमाणात जागा देण्याच्या) एकल संक्रमणीय मताने, म्हणजे पसंतीक्रमानुसार पुढच्या उमेदवाराकडे जाऊ शकणाऱ्या एका मताने, होते. परंतु पद एकच असल्याने ती व्यवहारात निरपेक्ष बहुमताचीच निवडणूक ठरते.

१९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत ही यंत्रणा खऱ्या अर्थाने कसाला लागली. या निवडणुकीत खासदार आणि आमदार मतदान करतात आणि त्यांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते; विजयासाठी ४,१८,१६९ इतके मतमूल्य आवश्यक होते. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मते मिळाली. बाकीचे उमेदवार आणि शेवटी देशमुख बाद झाल्यावर त्यांच्याकडील पुढच्या पसंतीची मते बहुतांशी रेड्डींकडे वळली, तरीही गिरी ४,२०,०७७ मतांवर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. आवश्यक संख्येपेक्षा गिरींना केवळ १,९०८ मते अधिक होती. साध्या मताधिक्याच्या नियमानेही गिरीच निवडून आले असते. पण इथे देशमुखांच्या मतदारांनाही अखेरच्या दोघांमधली निवड नोंदवता आली, आणि या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण मला हाच वाटतो.

त्यातूनच इतर गुण येतात. मत वाया जाण्याच्या भीतीने मतदाराला आपला खरा कौल दडपावा लागत नाही. एकगठ्ठा अल्पसंख्य पाठिंबा असलेला, परंतु बहुसंख्यांना अमान्य असलेला उमेदवार सहसा निवडून येत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत पक्षांना उघडपणे समझोते करावे लागतात, आणि ते मतदारांना मतदानापूर्वीच कळतात.

दोष मात्र किरकोळ नाहीत. दोन फेऱ्यांच्या रीतीत मतविभागणी संपत नाही, ती पहिल्या फेरीत सरकते. २००२ मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी १६ उमेदवार होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांना १९.८८ टक्के, अतिउजवे जाँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के आणि समाजवादी लिओनेल जोस्पँ यांना १६.१८ टक्के मते पडली. दोन लाखांहूनही कमी मतांच्या फरकाने जोस्पँ बाहेर पडले, कारण डाव्यांची मते अनेकांत फुटली होती. दुसऱ्या फेरीत शिराक यांना ८२.२१ टक्के मते मिळाली. यातली बरीच मते ल पेन यांना अडवण्यासाठी दिलेली होती. अशा आकड्याला व्यापक लोकमान्यतेचा पुरावा मानणे चुकीचे आहे.

पसंतीक्रमाच्या रीतीत दुसऱ्या निवडणुकीचा खर्च वाचतो, पण सर्वांना दुसऱ्या क्रमांकाने चालणारा मध्यममार्गी उमेदवार पहिल्या पसंतीअभावी लवकर बाद होऊ शकतो, जरी समोरासमोरच्या लढतीत त्याने प्रत्येकाला हरवले असते. शिवाय पुढची पसंती न लिहिलेल्या मतपत्रिका मोजणीतून गळतात. श्रीलंकेत २०२४ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पहिल्यांदाच पुढच्या पसंतींची मोजणी करावी लागली, तेव्हा अनुरा कुमार दिसानायके यांना अखेरच्या दोघांमध्ये ५५.८९ टक्के मते मिळाली. पहिल्या मोजणीतील सर्व वैध मतांच्या तुलनेत मात्र हे प्रमाण सुमारे ४३ टक्केच भरते. म्हणून निकाल वाचताना बहुमत नेमके कशाचे, वैध मतांचे, झालेल्या मतदानाचे की नोंदणीकृत मतदारांचे, हे आधी पाहावे लागते.

एकाच पदासाठी ही पद्धती समर्थनीय असली, तरी विधिमंडळासाठी ती तितकी योग्य नाही. कोणत्याच मतदारसंघात निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा जमवू न शकणाऱ्या पक्षांना सभागृहात जवळपास स्थानच उरत नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत दुसऱ्या फेरीत साधे मताधिक्य पुरते, तरीही परिणाम तोच होतो. १९८६ मध्ये तेथे अपवाद म्हणून प्रमाणशीर पद्धती वापरली गेली, तेव्हा दहा टक्क्यांच्या जवळपास मते मिळवणाऱ्या ल पेन यांच्या नॅशनल फ्रंट पक्षाला ३५ जागा मिळाल्या. १९८८ मध्ये दोन फेऱ्यांची पद्धती परत आल्यावर तितक्याच मतांवर या पक्षाला ५७७ पैकी एक जागा मिळाली.