बीच रेसलिंग म्हणजे वाळूतली मातीची कुस्ती नव्हे

पुण्याच्या पेठांतल्या तालमींत एक समज पक्का बसलाय: बीच रेसलिंग म्हणजे आपली मातीचीच कुस्ती, फक्त समुद्रकाठी. आपले पैलवान उतरले की समोरचा चितपट! दुसरा समज याच्या उलट, की हा पर्यटकांचा टाइमपास आहे.

दुसऱ्याचं उत्तर सोपं. खेळ जागतिक कुस्ती महासंघाच्या, म्हणजे ऑलिंपिक कुस्ती चालवणाऱ्या संस्थेच्याच अखत्यारीत आहे. 2019 मध्ये त्याची जागतिक मालिका सुरू झाली, त्याच वर्षी दोह्याच्या वर्ल्ड बीच गेम्समध्येही तो होता. पुरुषांचे गट 70, 80, 90 आणि 90 किलोंवरचे. महिलांचे 50, 60, 70 आणि 70 वरचे.

पहिला समज मात्र मोडायलाच हवा. सात मीटर व्यासाचं वर्तुळ, तीन मिनिटं, आणि तीन गुण आधी मिळवेल तो जिंकला. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर रेटलं तर एक गुण. पायांखेरीज त्याचं अंग वाळूला लागलं, नुसता गुडघा टेकला, तरी एक. थेट पाठीवर आपटलं तर तीन, म्हणजे कुस्ती तिथेच निकाली. खाली पाडल्यावर पुन्हा उभ्याने सुरुवात. त्यामुळे घिश्श्याला, म्हणजे खाली पडलेल्याला चीत करायच्या डावाला, इथे वावच नाही. आणि अंगावर लंगोट नसून शॉर्ट, तीही पकडायची नाही. ढाक, कलाजंग हे उभ्याने उचलून पाठीवर आपटायचे डाव मात्र बसले तर सोनं! शिवाय हौद्यातली, म्हणजे तालमीतल्या आखाड्यातली, तेल-ताक-हळद घालून मळलेली माती पायाला धरते, कोरडी वाळू पायाखालून सरकते. रेटारेटीत हे फार महागात पडतं.