तंतुकला-कार्यशाळा, बडोदे

तंतुकला-कार्यशाळा, बडोदे : कताई, रंगाई, विणाई तसेच गाठकाम, नमदेकाम (लोकर दाबून जाड कापड करणे) इ. तंतूंशी निगडित हस्तकला प्रत्यक्ष करून शिकविण्याची बडोदे (अधिकृत नाव वडोदरा) शहरातील पद्धती. अशा कार्यशाळा एका दिवसापासून काही आठवड्यांपर्यंतच्या असतात. शिकणाऱ्यांत वस्त्रविद्या व चित्रकलेचे विद्यार्थी असतात, तसेच केवळ हौसेने येणाऱ्या गृहिणी आणि निवृत्त मंडळीही असतात. बडोद्याची पद्धती भारतातील इतर शहरांहून वेगळी मानण्याचे कारण तिच्या पूर्वेतिहासात आहे. येथील रंगशिक्षण कृत्रिम रंगांच्या प्रसारासाठी सुरू झाले. आज त्याच शहरात मंजिष्ठा (लाल रंग देणारी वनस्पती) आणि नीळ शिकायला लोक येतात.

संज्ञा : ‘कार्यशाळा’ हा शब्द या अर्थाने अलीकडचा आहे. संस्थानी काळात ‘उद्योगालय’ हा शब्द रूढ होता. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय (१९१४) या संस्थेच्या नावात तो टिकून आहे. शिकविण्याची भाषा बहुधा गुजराती. मात्र दांडिया बाजार, रावपुरा भागातील मराठी घरांतून आलेल्यांमुळे साहित्याची नावे दुहेरी चालतात. मराठीतील तुरटीला गुजरातीत फटकडी, पेळूला (कातण्यासाठी वळलेल्या पिंजलेल्या कापसाला) पूणी, सुताच्या लडीला आंटी, चरख्याला रेंटियो आणि मागाला साळ म्हणतात. निळीला गुजरातीत गळी हा शब्द आहे. मराठीत ‘नीळ’ म्हटले की पांढऱ्या धुण्याला लावायची पूड डोळ्यांपुढे येते. ती बहुधा अल्ट्रामरीन हे खनिज रंगद्रव्य असते. वनस्पतिजन्य निळीशी तिचा रंगापुरताच संबंध.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी तीन मते आढळतात.

पहिले मत हा उगम कलाभवनापर्यंत नेते. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन (कला व तंत्र शिकविणारी संस्था) स्थापन झाले. त्याची आखणी त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) यांची. सुरतेचे गज्जर बडोदे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत; रंगरसायन हा त्यांचा खास विषय. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासले, तेव्हा इतरांना न निघालेले डाग गज्जरांनी काढले, ही हकिगत महाराष्ट्रात अधिक परिचित आहे. कलाभवनात चित्रकला व यांत्रिक शिक्षणाबरोबर रंगकाम आणि विणकाम हे विषय होते (दादासाहेब फाळके काही काळ येथेच शिकत होते). शिक्षण देशी भाषेतून द्यावे, कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून दार बंद होऊ नये, असा गज्जरांचा आग्रह होता. तांत्रिक परिभाषा व पाठ्यपुस्तके देशी भाषांत तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. व्याख्यान थोडे आणि रंगाच्या हौदाशी उभे राहणे जास्त, हा आजच्या कार्यशाळांचा बाज कलाभवनातून आला असे या मताचे अभ्यासक मानतात.

कलाभवनाचे वर्ष रंगांच्या इतिहासात मोक्याचे आहे. मंजिष्ठवर्गीय वनस्पतींतील ॲलिझरीन हे रंगद्रव्य ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनविले होते आणि त्याचा माल भारतात येऊ लागला होता. कृत्रिम नीळ मात्र बाजारात यायची होती. ती बीएएसएफ या जर्मन कंपनीने १८९७ मध्ये आणली. म्हणजे कलाभवन निघाले तेव्हा रंगाऱ्याचा लाल रंग कारखान्यातला झाला होता आणि निळा अजून शेतातला होता. गज्जरांचा कल नव्या रंगांकडे होता. जुन्या रंगाऱ्यांना ते रंग नीट न वापरता आल्याने कच्च्या रंगाचा माल निघतो व देशी कापडाचे नाव जाते, असे त्यांचे निदान होते. आज ‘नैसर्गिक रंग’ हे शब्द फलकावर मोठ्या अक्षरांत रंगविणाऱ्या आयोजकांना हा पूर्वज सोयीचा नाही. तरी पूर्वज तोच.

दुसरे मत कताईला केंद्रस्थानी ठेवते. ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना (१९०९) गांधीजींनी चरखा प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. भडोच येथील शिक्षण परिषदेत (१९१७) त्यांची गंगाबेन मजमुदार यांच्याशी गाठ पडली. पुढे बरीच पायपीट करून गंगाबेनना चरखा सापडला, तो बडोदे संस्थानातील विजापूर या गावी. तेथे अनेक घरांत चरखे माळ्यावर पडून होते. पेळू मिळत राहिले आणि सूत विकले गेले तर कातायला बायका तयार होत्या. पेळू आरंभी मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी पुरविले. गिरणीचा पेळू गांधीजींना पटेना, तेव्हा गंगाबेननी पिंजारी शोधला. त्याने महिना ३५ रु. मागितले आणि ते गांधीजींना महाग वाटले नाहीत. आश्रमातील पहिली खादी वाराला १७ आणे पडली. या साऱ्या प्रकरणात शिकविणाऱ्या गंगाबेन आणि शिकणारी तरुण मुले हाच सांगाडा असल्याने त्याला कार्यशाळेचे मूळ रूप म्हणावे, असे हे मत. विजापूर संस्थानात असले तरी बडोदे शहरापासून दूर, उत्तरेस आहे (सध्या मेहसाणा जिल्हा). शहरातील परंपरा तेथून आली असे मानणे ओढाताणीचे वाटते. शहराशी जवळचा दुवा विनोबा भावे यांचा आहे. त्यांचे वडील नरहर शंभुराव भावे हे वस्त्रतंत्राचे जाणकार होते व नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. विनोबांचे शिक्षण येथेच झाले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरून काशीला गेले आणि त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. तकलीवरील कताईचे शिक्षण पद्धतशीर करण्यात पुढे त्यांचा मोठा वाटा राहिला.

तिसरे मत असे, की कारागिराचे घर हीच मूळ कार्यशाळा. बाकी सर्व तिच्या नकला. याच्या पुष्टीसाठी पूर्वी बडोदे संस्थानात असलेल्या पाटण येथील पटोळे (विणण्यापूर्वीच धागे बांधून रंगविलेले वस्त्र) विणणाऱ्या साळवींचा दाखला देतात. सोळंकी राजा कुमारपाल (सु. ११४३–७२) रोज पूजेला नवे पटोळे नेसत असे. ते जालन्याहून येई. जालन्याचा राजा ते आधी अंथरायला वापरून मग पाठवितो असे कळल्यावर कुमारपालाने तेथील ७०० साळवी कुटुंबेच पाटणला आणून वसविली, अशी आख्यायिका आहे. मराठी वाचकाला ती सुखावणारी असली तरी ७०० हा आकडा आख्यायिकेत शोभण्याजोगा आहे. तिच्यावरून स्थलांतराचा काळ ठरविणे धोक्याचे. दक्षिणेकडून विणकर पाटणला आले एवढाच गाभा धरणे बरे. ‘साळवी’ शब्दाची फोड ‘साल’ म्हणजे माग आणि ‘वी’ म्हणजे पटोळ्याच्या मागावरील शिसवी तलवार (बाण्याचे म्हणजे आडवे धागे ठोकून बसविण्याची पट्टी) अशी परंपरेने करतात. गुजरातीतील माग या अर्थाचा ‘साळ’ आणि मराठीतील विणकर या अर्थाचा ‘साळी’ शेजारी ठेवले, तर ‘साळ’वरून सरळ ‘साळवी’ ही व्युत्पत्ती कमी कसरतीची ठरते.

रंगकामापुरते पहिले आणि कताईपुरते दुसरे मत ग्राह्य धरण्याकडे अलीकडे कल आहे. दोन्ही प्रवाह महाराजा सयाजीराव विद्यापीठात (१९४९) एकत्र आले. कलाभवन विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेत विलीन झाले आणि गृहविज्ञान शाखेत वस्त्रविद्येचा विभाग निघाला. ललितकला शाखेतील के. जी. सुब्रमण्यन यांनी १९५९–६१ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळात काम केले होते. ते परतल्यावर १९६० च्या दशकात शाखेत भरू लागलेल्या ललितकला मेळ्यांनी विद्यार्थ्यांना खेळणी, कापड, विणकाम अशा वस्तूंकडे वळविले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी हेंप या वनस्पतितंतूच्या रंगविलेल्या दोरीला गाठी मारत पुरुषभर उंचीची शिल्पे घडविली.

रंगकाम : कार्यशाळांचा मुख्य विषय हाच. सुती कापडावर वनस्पतींचा रंग थेट पक्का बसत नाही. त्यासाठी रंगबंधक लागतो. कापड प्रथम सोडा व साबणाच्या पाण्यात उकळून त्यातील मेण व खळ काढतात. नंतर ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवितात. हिरड्यातील टॅनिन (तुरट द्रव्य) सुतातील सेल्युलोजला धरते, मग दिलेल्या तुरटीतील ॲल्युमिनियम टॅनिनला धरते आणि शेवटी मंजिष्ठेचे रंगद्रव्य ॲल्युमिनियमला धरते. लोकर किंवा रेशीम प्रथिनमय असल्याने त्यांना हिरड्याची ही पायरी लागत नाही. तुरटीऐवजी गंजलेले लोखंड व गूळ पंधरा-वीस दिवस आंबवून केलेले पाणी वापरले तर हिरडा दिलेले तेच कापड काळे होते. भारतीय मंजिष्ठेत (रुबिया कॉर्डिफोलिया) ॲलिझरीन नाममात्र असते. तिचा तांबडा रंग मुख्यत्वे पर्प्युरिन व मंजिष्टिन यांचा. ‘मंजिष्ठा म्हणजे ॲलिझरीन’ हे समीकरण युरोपीय जातीवरून उचललेले आहे. आल या झाडाच्या मुळांतील रंगद्रव्य मॉरिंडोन हे आणखी वेगळे. पाण्याचाही परिणाम होतो. पाण्यातील चुन्याने मंजिष्ठेचा लाल खुलतो, तर लोहाचा अंश असल्यास तो काळवंडतो. त्यामुळे एका गावची कृती दुसऱ्या गावी जशीच्या तशी लागू पडत नाही.

हळद आणि बीट नवशिक्यांचे आवडते. हळदीला रंगबंधक लागत नाही व रंगही झळाळीचा येतो. पण उन्हात तो झपाट्याने उडतो. बीट तर धुण्यातच जाते. पिवळ्यासाठी तुरटीबरोबर झेंडू किंवा डाळिंबाची साल अधिक भरवशाची.

निळीची रीत निराळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. आधी ती अल्कधर्मी पाण्यात क्षपणाने (ऑक्सिजन काढून घेण्याच्या क्रियेने) विरघळणाऱ्या रूपात न्यावी लागते. पारंपरिक हौदात चुना आणि गूळ घालून आंबवतात. घाईच्या कार्यशाळांत सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात. काम तासाभरात होते, पण वास सोसावा लागतो. मधला मार्ग म्हणून १ भाग नीळ, २ भाग चुना व ३ भाग फ्रुक्टोज हे प्रमाण आता बरेच चालते. हौद तयार झाल्याची खूण पाण्यावर दिसते. वर तांब्यासारखी चमकणारी साय आणि मध्ये जांभळट-निळ्या फेसाचा पुंजका येतो. खालचे पाणी निळे नसून पिवळट हिरवे असते, आणि तेच पाहून नवा माणूस हौद बिघडला असे समजतो. कापड हळूच आत सोडून, पृष्ठभागाखालीच फिरवून, पाण्यालगत पिळून बाहेर काढायचे. उंच धरून निथळत ठेवले तर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर हवा आत जाते आणि हौद लवकर थकतो. बाहेर आलेला रुमाल क्षणभर पोपटी असतो. मग घड्यांच्या कडांपासून आत निळा होत जातो. गडद रंग एका दीर्घ बुडीने येत नाही, अनेक आखूड बुड्यांनी येतो. ही गोष्ट सांगून पटत नाही. पहिले कापड धुतल्यावर आपोआप पटते.

कताई : काळ्या जमिनीचा कानम प्रदेश बडोद्याला लागून आहे. तेथील जुना देशी कापूस (गॉसिपियम हर्बेशियम) आखूड धाग्याचा. तो नीट पिंजून पेळू सैल वळला तरच हाती लागतो. आरंभ तकलीवर करून मग पेटीचरख्यावर नेण्याची पद्धत आहे. सुताचा नंबर एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात यावरून ठरतो. नवख्याचे सूत जाडच निघते. पीळ तपासायला काढलेली तार ढिली सोडतात. ती स्वतःभोवतीच गुरफटली तर पीळ जास्त झाला.

विणकाम : वेळेअभावी हे बहुधा खिळ्यांच्या चौकटीवर किंवा छोट्या टेबल-मागावर शिकवितात. ताणा (उभे धागे) आधीच भरून ठेवलेला असतो, त्यामुळे शिकणाऱ्याच्या वाट्याला धोटा फेकणे व फणी ठोकणे एवढेच येते. ताण्याला खळ देणे व वही (ताण्याचे धागे वर उचलणारा मागाचा भाग) व फणी यांतून तो ओवणे हे कोष्ट्याच्या घरी सर्वांत जास्त दिवस खाणारे काम मग अदृश्य राहते. पटोळे अशा कार्यशाळेत बसणारे नाही. त्यात ताणा व बाणा दोन्ही विणण्यापूर्वी बांधून रंगवितात, आणि प्रत्येक काही बोटे विणल्यावर सुईच्या टोकाने तारा सरकवून नक्षी जुळवितात. एका साडीला चार ते सहा महिने लागतात. त्याऐवजी फक्त बाण्याला गाठी बांधून रंगविण्याचा साधा प्रकार करून घेतात.

गाठकाम, नमदा इ. : गाठकामाला माग लागत नसल्याने ते शाळकरी मुलांसाठी ठेवतात. नमद्यासाठी लोकर, गरम पाणी व साबण पुरतो; बडोद्याच्या हवेत लोकरीच्या वस्तूंना उठाव बेताचाच.